कलम पाच आणि जामीनकीची सही

बरेच दिवस झाले इथे काही लिहून. लिहायला बसलो की ऑफिस आठवतं आणि ऑफिसात बसलो की लिहायचं आठवतं, असं चाललंय. पण मध्यंतरी घरी एक पत्र आलं आणि त्याची बातमी इतक्या वेगाने सांगली-पुण्यापर्यंत पोचली की प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच इथे लिहून टाकावं म्हटलं.

पत्र चिरंजीवांच्या नावाने होतं, जर्मन लष्कराकडून. साहेब नुकतेच अठरा वर्षांचे झालेत. केकचा शेवटचा तुकडा अजून फ्रीजमध्ये होता, तोवर हे हजर.

दुसऱ्याच दिवशी आत्याचा फोन. "अरे, पोराला मिलिटरीत नेणार म्हणे? आणि तू गप्प बसलायस?"

"नेणार नाहीत गं. नुसता फॉर्म भरायचाय."

"फॉर्मनंच सुरुवात होते रे सगळ्याची," आत्या म्हणाली. सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेल्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

तर आधी वस्तुस्थिती. जर्मनीने सक्तीची लष्करी सेवा २०११ साली स्थगित केली होती. डिसेंबर २०२५ मध्ये इथल्या संसदेने नवा कायदा केला. २००८ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक जर्मन मुलाने अठरा पूर्ण झाल्यावर एक प्रश्नावली भरायची: शिक्षण काय, तब्येत कशी, सैन्यात जायची इच्छा आहे का, वगैरे. मुलांना भरणं बंधनकारक, मुलींना ऐच्छिक. २०२७ च्या मध्यापासून मुलांची वैद्यकीय तपासणीही व्हायची आहे. पण प्रत्यक्ष भरती या कायद्यानुसार स्वेच्छेनेच. पुरेसे लोक आले नाहीत तर सक्ती आणायला संसदेला वेगळा कायदा करावा लागेल. शिवाय सदसद्विवेकबुद्धीला पटत नसेल तर शस्त्र हाती न घेण्याचा हक्क इथल्या राज्यघटनेतच आहे. तेव्हा आत्या, काळजी नसावी. निदान आजतरी.

पण पत्र टेबलावर पडलं होतं आणि माझ्या डोक्यात निराळंच चक्र सुरू झालं होतं. इतकी वर्षं नाटो, युरोपचं संरक्षण वगैरे विषयांवर मी इथे आणि मित्रांच्या बैठकीत हिरिरीने मतं ठोकत आलो. ती सगळी परदेशी बातम्यांवरची मतं होती. आता पहिल्यांदाच त्या मताला माझ्या घरातल्या माणसाचं नाव आणि जन्मतारीख जोडली गेली होती.

माझ्या पिढीच्या भारतीय माणसाला लष्करी करारांबद्दल मुळातच अढी असते. अलिप्ततावाद शाळेच्या पुस्तकातून शिकलेले आपण. लष्करी गट म्हणजे बड्यांची गुंडगिरी आणि छोट्यांची हुजरेगिरी, हे आपलं ठरलेलं. त्यात पाकिस्तान दोन-दोन अमेरिकाप्रणीत करारांत सामील. एक सीटो, १९५४ चा. दुसरा १९५५ चा बगदाद करार, पुढे त्याचंच सेंटो झालं. आणि उपयोग काय झाला? १९६५ मध्येही पाकिस्तानसाठी कोणी लढायला आलं नाही आणि १९७१ मध्येही नाही. सीटो १९७७ मध्ये गुंडाळली, सेंटो १९७९ मध्ये. कोणी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.

मग त्याच सुमाराचा, १९४९ चा नाटो करार कसा टिकला? बारा देशांनी सुरू केलेला कारभार आज बत्तीस देशांचा झालाय. २०२३ मध्ये फिनलंड आणि २०२४ मध्ये स्वीडन, म्हणजे पिढ्यान् पिढ्या अलिप्त राहिलेले देशसुद्धा त्यात आले. आपल्या अलिप्ततेशी तुलना करायचा मोह मला अनेकदा झालाय, पण रशियाशी तेराशे किलोमीटरची सरहद्द असलेल्या फिनलंडला कोणी ओढून आणलं असं म्हणणं मला आता कठीण जातं. युक्रेनवर २०२२ मध्ये काय झालं ते पाहून ते स्वतःच्या पायांनी चालत आले.

तर, टिकला कसा? माझी समजूत अशी होती की करारातलं कलम पाच फार कडक असावं. एकावर हल्ला म्हणजे सर्वांवर हल्ला, म्हणजे सगळ्यांनी लढायलाच हवं. एकदा मूळ मजकूर वाचला आणि चाटच पडलो. एकावरचा हल्ला सर्वांवरचा मानला जाईल हे खरं, पण त्यानंतर प्रत्येक देशाने काय करायचं? तर त्याला जी आवश्यक वाटेल ती कारवाई, त्यात सशस्त्र बळाचा वापरही आला. जी त्याला आवश्यक वाटेल ती! उद्या एखाद्या देशाला निषेधाचं पत्रक आणि औषधांची खोकी एवढंच आवश्यक वाटलं तर तेही बसतं त्या शब्दांत. हा ढिलेपणा चुकून राहिलेला नाही. आपोआप युद्धात ओढले जाऊ असं कलम अमेरिकन सिनेटने मंजूरच केलं नसतं, म्हणून ते मुद्दाम तसं लिहिलं.

गंमत म्हणजे याहून कडक शब्दांचे करार युरोपात आहेत. ब्रिटन, फ्रान्स आणि शेजारच्या तीन देशांचा १९४८ चा ब्रसेल्स करार जमेल ती सर्व लष्करी मदत द्यायला सांगत होता. युरोपियन युनियनच्या करारातही बेचाळीस-सात नावाचं कलम आहे, त्यातही सर्व शक्तीनिशी मदत करण्याचं बंधन आहे. पॅरिसवरच्या २०१५ च्या हल्ल्यांनंतर फ्रान्सने ते वापरलंही. पण रस्त्यावरच्या किती लोकांना ते ठाऊक आहे? शब्द कडक, पण त्यामागे कोणी उभं नाही, म्हणून त्याची ना कोणाला भीती ना कोणाला आधार.

याचं उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही. ते पॉइंट आल्फाला सापडलं.

फ्रँकफुर्टहून दीड-दोन तासांवर, हेसेन आणि थुरिंगेन या राज्यांच्या हद्दीवर हे ठिकाण आहे. पूर्व आणि पश्चिम जर्मनीची सीमा इथून जायची. आता तिथे स्मारक आणि संग्रहालय आहे. काही वर्षांपूर्वी आई-बाबा आले होते तेव्हा रविवारी डबा बांधून गेलो होतो. एका बाजूला अमेरिकनांचा टेहळणी मनोरा, समोर हाकेच्या अंतरावर पूर्व जर्मनीचा मनोरा, मध्ये गवत. वारा इतका बोचरा की आईने पहिल्या दहा मिनिटांत गाडीत बसणं पसंत केलं.

या भागाला फुल्डा गॅप म्हणायचे. डोंगरांमधल्या या सखल वाटेने सोव्हिएत रणगाडे आले असते तर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर फ्रँकफुर्ट होतं. आणि त्यांना अडवायला या टेकडीवर एरवी असायचे किती अमेरिकन? पन्नासाच्या आतबाहेर.

बाबांनी बराच वेळ इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "एवढ्याशा माणसांनी काय थांबणार होतं?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "ते थांबवायला नव्हतेच इथे. पहिल्या तासात ते मेले असते. मग अमेरिकेला घरी बसता आलं नसतं."

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे जामीन."

हा शब्द त्यांना कुठून सुचला ते मला माहीत होतं. बाबा शाळेत शिक्षक. त्यांच्या पतसंस्थेत एका सहकाऱ्याच्या कर्जाला ते जामीन राहिले होते. सहकाऱ्याचे हप्ते थकले आणि जवळजवळ दोन वर्षं बाबांच्या पगारातून पैसे कापले गेले. त्या दोन वर्षांत आमच्याकडे दिवाळीचे कपडे झाले नाहीत, आणि आई त्या माणसाचं नाव घरात काढू देत नसे. पुढे काही वर्षांनी बाबा दुसऱ्या एकाला जामीन राहिले तेव्हा आईने जो अबोला धरला तो मला अजून आठवतो. तेव्हा बाबा म्हणाले होते, "सही करतानाच पैसे गेले असं धरून चालायचं. तसं धरवत नसेल तर सही करू नये."

नाटोचं सगळं रहस्य या वाक्यात आहे असं मला वाटतं. शीतयुद्धाच्या काळात पश्चिम जर्मनीत सुमारे अडीच लाख अमेरिकन सैनिक असायचे. नुसते सैनिक नव्हेत, त्यांची बायकापोरं, शाळा, दुकानं, बेसबॉलची मैदानं. कागदावरचं कलम ढिलं होतं, पण तारण म्हणून माणसं ठेवलेली होती. ब्रसेल्स कराराकडे आणि सीटोकडे हेच नव्हतं. सीटोला तर स्वतःची कायमची फौजच नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, ही अमेरिकेची आरतीच झाली. तसं नाही. सदस्य देशांनी अमेरिकेला नाही म्हटल्याची उदाहरणं भरपूर आहेत. द गॉल यांनी १९६६ मध्ये फ्रान्सला नाटोच्या संयुक्त लष्करी रचनेतून बाहेर काढलं आणि नाटोचं मुख्यालय पॅरिसमधून ब्रसेल्सला हलवावं लागलं. पॅरिस वाचवण्यासाठी अमेरिका न्यूयॉर्क पणाला लावेल का, हा त्यांचा प्रश्न तेव्हा उद्धट वाटला होता. २००३ मध्ये इराकवरच्या युद्धात जायला जर्मनीने नकार दिला. मी त्यानंतर वर्षभराने इथे आलो आणि त्या नकाराचं मला फार कौतुक होतं. अजूनही आहे.

आणि एक गोष्ट आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत नसते. कलम पाच आजवर फक्त एकदा लागू झालं, तेही अमेरिकेसाठी. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी. नाटोची टेहळणी विमानं जर्मनीतल्या तळावरून उडून अमेरिकेच्या आकाशात गस्त घालायला गेली, तेरा देशांचे आठशेहून जास्त लोक होते त्या कामावर. नंतर अफगाणिस्तानात जर्मनीचे ५९ सैनिक गेले, ब्रिटनचे साडेचारशेहून जास्त. तेव्हा साठ लाखांहूनही कमी वस्ती असलेल्या डेन्मार्कने चाळीसहून जास्त मुलं गमावली. म्हणजे जामीनकीचा हप्ता युरोपने भरलाच नाही हे म्हणणं खोटं आहे.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. १९९१ नंतर युरोप सुस्तावला. मी स्वतः त्या सुस्तीचा लाभार्थी! २००५ च्या अखेरीला फ्रँकफुर्टचा अमेरिकन हवाई तळ बंद झाला. १९४८-४९ मध्ये वेढ्यात सापडलेल्या बर्लिनला याच तळावरून विमानांनी धान्य-कोळसा पोचवला होता. बंद झाला तेव्हा आम्हाला आनंद एवढाच की विमानतळाला आणखी जागा मिळणार. २०११ मध्ये सक्तीची भरती थांबली तेव्हा मी याच ब्लॉगवर टाळ्या वाजवल्या होत्या. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता, मनात कुठेतरी तेही होतंच.

त्याच वर्षी लिबियात काय झालं? समोर कोण, तर गद्दाफी. तरी काही आठवड्यांतच युरोपीय हवाई दलांना अचूक मारा करणाऱ्या बाँबची चणचण भासू लागली. हवेत इंधन भरणारी विमानं अमेरिकेची, टेहळणीही बरीचशी अमेरिकेची. तेव्हाचे अमेरिकन संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स निवृत्तीआधी ब्रसेल्सला आले आणि स्पष्ट सांगून गेले, की असंच चाललं तर पुढच्या पिढीच्या अमेरिकन नेत्यांना हा खर्च परवडण्याजोगा वाटणार नाही. म्हणजे हे रडगाणं ट्रम्प यांनी सुरू केलेलं नाही. २०१४ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्के संरक्षणावर खर्च करायचं सगळ्यांनी ठरवलं, तेव्हा तेवढा खर्च करणारे देश होते तीन, त्यातला एक स्वतः अमेरिका.

ट्रम्प यांनी वेगळं काय केलं, तर जामीनदाराने भर चौकात सांगितलं की सही माझी असली तरी पैसे देईन की नाही बघू. २०२४ च्या प्रचारसभेत ते म्हणाले की जे देश पैसे भरत नाहीत त्यांचं रशियाने हवं ते करावं. मग २०२५ च्या जानेवारीत ग्रीनलंड घेण्यासाठी बळाचा वापर नाकारायला त्यांनी नकार दिला. ग्रीनलंड कोणाचं? डेन्मार्कचं, म्हणजे त्याच चाळीसहून जास्त मुलं गमावलेल्या देशाचं. २०२६ च्या जानेवारीत तर त्याच कारणावरून जर्मनीसह आठ युरोपीय देशांना आयातकराची धमकी दिली आणि काही दिवसांतच मागे घेतली. धमकी मागे घेता येते हो. पण जामीनदाराची पत एकदा गेली की ती पत्रक काढून परत येत नाही. पतसंस्थेच्या कुठल्याही संचालकाला विचारा.

युरोपचं उत्तर आत्तापर्यंत पैशांच्या भाषेत आलंय. जर्मनीने २०२२ मध्ये शंभर अब्ज युरोंचा खास निधी काढला. २०२५ मध्ये कर्जाच्या मर्यादेतून संरक्षणाला सूट देण्यासाठी चक्क राज्यघटना बदलली. कर्ज म्हटलं की अंगावर काटा येणारा हा देश, त्याने हे केलं! त्याच वर्षी जूनमध्ये हेगला २०३५ पर्यंत पाच टक्क्यांचं उद्दिष्ट ठरलं, त्यात साडेतीन टक्के थेट सैन्यावर आणि दीड टक्का रस्ते-पूल-सायबर वगैरेंवर. हे आवश्यक आहेच. उपग्रह, मालवाहू विमानं, क्षेपणास्त्रांपासून बचाव, सगळं उभं करायला वर्षं लागणार, आणि तोवर अमेरिकेशिवाय भागणार नाही. अण्वस्त्रांच्या बाबतीत तर फ्रान्स आणि ब्रिटन मिळूनही अमेरिकेच्या जवळपास पोचत नाहीत. म्हणून नाटो मोडीत काढा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पण नुसत्या पैशाने जामीन होता येत नाही, हे मला या सगळ्यातून पटत चाललंय. आणि म्हणून हेगच्या आकड्यांपेक्षा मला लिथुआनियाची बातमी मोठी वाटते.

लिथुआनिया म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस लाखांचा देश. राजधानी व्हिल्निअसपासून बेलारूसची सीमा जेमतेम तीसेक किलोमीटर. दुसऱ्या बाजूला रशियाचं कालिनिनग्राड. मध्ये पोलंडला जोडणारी पासष्टेक किलोमीटरची पट्टी. एप्रिल २०२५ मध्ये जर्मनीने तिथे आपली ब्रिगेड रीतसर उभी केली. २०२७ पर्यंत सुमारे पाच हजार माणसं तिथे कायमची राहणार आहेत, आणि ज्यांना हवं त्यांना कुटुंबंही नेता येणार आहेत. जर्मन शाळा, पाळणाघरं, सगळं आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन ब्रिगेड परदेशात कायमची ठेवण्याची ही पहिलीच वेळ. आणि कुठे, तर जिथे जर्मन फौजांनी १९४१ मध्ये काय केलं ते अजून कबरींवर लिहिलेलं आहे. त्याच लोकांनी यांना बोलावलं.

पॉइंट आल्फाच्या टेकडीवर जे अमेरिकन उभे होते, त्यांच्या जागी आता हेसेन-बव्हेरियातली मुलं उभी राहताहेत. काल ज्यांच्यासाठी जामीन ठेवला गेला ते आज दुसऱ्यासाठी जामीन राहताहेत. युरोपच्या संरक्षणात खरा बदल झाला असेल तर तो हा, असं माझं मत.

हे मी जेवताना मोठ्या उत्साहात सांगत होतो. बायकोने भाजी वाढता वाढता विचारलं, "आणि त्या मुलांत आपला असला तर?"

खरं सांगतो, मला उत्तर आलं नाही. मी म्हटलं, "स्वेच्छेचंच आहे गं सगळं."

"ते माहितीये. मी ते नाही विचारलं."

ती बरोबर होती. तिचं म्हणणं असं, की वीस वर्षांपूर्वी आपण नोकरीसाठी आलो, भारताचा पासपोर्ट परत करताना तू रात्रभर झोपला नव्हतास, आणि आता कुठल्याशा लिथुआनियासाठी पोटचा गोळा? हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. फुल्डा गॅपजवळ तळ ठोकून बसलेल्या आयोवा-टेक्सासच्या मुलांच्या आयांनीही हाच प्रश्न विचारला असणार: कुठल्याशा फ्रँकफुर्टसाठी? त्यांच्या त्या प्रश्नाला कोणीतरी काहीतरी उत्तर दिलं, म्हणून आज मी फ्रँकफुर्टजवळ घराचे हप्ते फेडतोय.

तेव्हा माझं मत मी बदलत नाही, पण ते आता मी वेगळ्या आवाजात मांडणार आहे. युरोपने नाटोत राहावं आणि अमेरिकेची सही आहे तोवर तिचा मान ठेवावा. मात्र स्वतःची सही अशी करावी की पैसे गेलेच असं धरून. आणि हे म्हणताना मनातल्या मनात "फक्त आमच्या घरातला सोडून" असं जोडायचं नाही. ते जोडायचं असेल तर मला मत द्यायचा अधिकार नाही, मी बाबांच्या भाषेत सही न करणाऱ्यांत जाऊन बसावं.

फॉर्मचं काय झालं विचाराल. चिरंजीवांनी तो रविवारी ऑनलाइन भरला, आपल्या खोलीत, दार लावून. इच्छा आहे का, या प्रश्नापुढे काय लिहिलं ते मी विचारलं नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "बाबा, माझी उंची किती आहे? एक मीटर एक्याऐंशी लिहिलंय."

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत लहानपणापासूनच्या. उभं करून मोजलं. ब्याऐंशी निघाली.

आत्या, सध्या एवढंच आहे. पुढचं कळलं की फोन करतो.